गस्तीवरची 'अरुंधती'

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी नागपुरात, इंदोऱ्यातल्या आमच्या घरासमोर एक गाडी थांबली आणि तिच्यातून चाळिशीची एक बाई उतरली. तिनं विचारलं, "आनंदराव गजभिये इथेच राहतात का? मँगनीजच्या खाणीवर होते ते?"

माझ्या आजोबांना खाणीवरून ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, त्यालाही अठरा वर्षं झाली. वस्तीत त्यांना एसटीवाले गजभिये म्हणतात. मी त्या बाईला आत घेतलं आणि आबाजींना हाक मारली.

तिचं नाव गार्गी बक्षी. ती आर्किटेक्ट होती. तिचे आजोबा मधुसूदन बक्षी यांची सावनेरच्या पुढे मँगनीजची खाण होती. तिनं पर्समधून एक फोटो काढून आबाजींच्या हातात दिला. फोटोत एक लाकडी मोटरबोट होती, करड्या रंगानं रंगवलेली, पुढच्या बाजूला वाळूची पोती आणि मशीनगन. मागे, इंजिनाच्या झाकणाजवळ, बनियन घातलेला एक काळासावळा बारीक तरुण उभा होता.

आबाजींनी फोटो उजेडाकडे धरला. "अरुंधती," ते म्हणाले.

"माझ्या आजीचं नाव," गार्गी म्हणाली. "बोट नागपुरात आणली आहे, वाडीला. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये ठेवली आहे. इंजिन चालू करून देणारं कोणी मिळेना. आजोबांच्या कागदांत तुमचं नाव सापडलं."

आजोबा लढाईत बोटीवर होते, एवढंच आम्हाला घरी माहीत होतं. लहानपणी मी शाळेत हे सांगितलं, तर मुलं हसली होती. नागपूरचा माणूस अन् बोटीवर? पण गोष्ट खरी होती आणि साधी होती. खाणीत साचलेलं पाणी उपसायच्या पंपाला जे डिझेल इंजिन होतं, त्याच जातीचं इंजिन बक्षीसाहेबांच्या बोटीत होतं. बोट अलिबागला, त्यांच्या बंगल्यासमोर. तिथल्या मेकॅनिकला ते जमेना, म्हणून साहेबांनी खाणीवरचा पंपवाला पोरगा गाडीत बसवून नेला. तेव्हा आबाजी एकवीस वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. दोन वर्षं ते तिथे राहिले. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि नौदलानं बंदरात गस्त घालायला काही खाजगी बोटी घेतल्या, त्यांत 'अरुंधती' होती. पांढऱ्या बोटीला दोन दिवसांत करडा रंग लागला, नाव पुसून अकरा नंबर पडला, गाद्या उतरल्या, पोती चढली. इंजिनाची खोड फक्त आबाजींना ठाऊक होती, म्हणून बोटीबरोबर तेही गेले.

"चार डिसेंबरला, नौदल दिनाला, तलावाकाठच्या बागेत आमचा ट्रस्ट ती बोट ठेवतोय," गार्गी म्हणाली. "अलिबागचा बंगला विकला. बोट भंगारात द्यायचं जिवावर आलं. त्या दिवशी पाच मिनिटं जरी इंजिन चाललं तरी पुष्कळ आहे."

आबाजींनी फोटो परत एकदा पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिले घेऊन येतो. माझ्या हातात आता जोर नाही राह्यला."

मी डिप्लोमा मेकॅनिकल. हॉस्पिटल आणि हॉटेलांचे जनरेटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी करते. डिझेल इंजिन माझ्या रोजच्या हातातलं. पण असलं जुनं, हँडल मारून चालू करायचं, मी कधी उघडलेलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

वाडीच्या त्या गोडाऊनमध्ये एका बाजूला टायरांची थप्पी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा कंपनीचे फ्रीज, आणि मध्ये लाकडी घोड्यांवर ती बोट. करडा रंग पोपडे धरून निघत होता आणि खालून पांढरा दिसत होता. आबाजींनी आधी बोटीभोवती एक चक्कर मारली. मग शिडी लावायला सांगितली. शहात्तर वर्षांचा माणूस. मी खालून त्यांचे पाय धरून होते. वर गेल्यावर ते थेट इंजिनाकडे गेले नाहीत. आधी मागच्या बाजूच्या फळ्यांवर हात टेकून थोडा वेळ बसले.

"दम लागला का, आबाजी?"

"नाही वं. तू पाने काढ."

रोज संध्याकाळी सहा ते नऊ, आणि रविवारी दिवसभर, असं आम्ही दोन आठवडे काम केलं. पिस्टन जागच्या जागी धरून बसले होते. वरून डिझेल आणि रॉकेल ओतून चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी आबाजींनी हँडलला लाकडी दांडा लावायला सांगितला आणि म्हणाले, "झटका नको देऊ. नुसतं वजन टाक." मी वजन टाकलं आणि आत काहीतरी सुस्कारा सोडल्यासारखं हललं. त्यानंतर पंप उघडून धुतला, तांब्याची नळी बदलली, गॅस्केट हातानं कापून बसवलं. असं इंजिन समुद्राच्या पाण्यानं थंड होतं. आम्ही शेजारी पाण्याचा ड्रम ठेवून त्यात पाइप सोडला. दुसऱ्या रविवारी दुपारी ते चालू झालं. पत्र्याचं गोडाऊन असं दणाणलं की बाहेरचे ट्रक ड्रायव्हर आत धावत आले. आबाजी हसत होते. इतक्या मोकळेपणानं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी गार्गी बागेत लावायच्या फलकाचा मजकूर घेऊन आली. आबाजींनी चष्मा लावला आणि वाचलं. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. बोट कधी बांधली, केव्हा नौदलाला दिली, आणि शेवटी असं: 'दि. १० डिसेंबर १९७१ रोजी पहाटे गस्तीवर असताना इंजिन ऐनवेळी बिघडले. नागपूरचे मेकॅनिक श्री. आनंदराव गजभिये यांनी शर्थीने ते चालू केले व भरकटलेल्या मचव्यावरील चार मच्छीमारांचे प्राण वाचवले.'

"आजोबांच्या एका पत्रात हे आहे," गार्गी म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत ते!"

आबाजींनी कागदाची घडी करून तो परत दिला. "पाहतो," एवढंच म्हणाले. चिंध्यांनी हात पुसत बाहेर गेले आणि ट्रकच्या सावलीत उभे राहिले.

परतताना ते माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. मध्येच त्यांनी माझ्या खांद्यावर थापटलं. "गाडी बाजूले घे."

एक चहाची टपरी होती. बाकावर बसलो. चहा आला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"चार नाही वाचले," ते म्हणाले. "तीन वाचले. एक मेला."

"मग सांगा तसं गार्गी मॅडमला. दुरुस्त करतील."

"अन् इंजिन बिघडलं नव्हतं. म्याच बंद केलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. बोटीवर तिघं असायचे: सब-लेफ्टनंट सुब्रमणी साहेब, मशीनगनवर बलबीर नावाचा पंजाबी जवान, आणि इंजिनावर आबाजी. बंदराच्या तोंडापासून दीपस्तंभापर्यंत जायचं आणि यायचं. कोणी मासेमार बाहेर निघाला तर त्याला परत पाठवायचं. दिवे बंद, रेडिओवर मोजकं बोलणं. आबाजींना पोहता येत नव्हतं. चार दिवस ते एक डोळा इंजिनावर आणि एक पाण्यावर ठेवून बसले होते. जेटीवर रोज नवी अफवा. कोणी म्हणे पाण्यात सुरुंग सोडलेत, कोणी म्हणे शत्रू रिकाम्या मचव्यांत दारूगोळा भरून सोडतो, जवळ गेलं की उडतो.

पाचव्या दिवशी उजाडताना त्यांना एक मचवा दिसला. डोलकाठी मोडलेली, शीड नाही, माणूस दिसत नाही. अर्ध्या मैलावर नुसता हलत होता. साहेब म्हणाले, चलो, देखते हैं.

"मले जेटीवरचं बोलनं आठवलं," आबाजी म्हणाले. "मले वाटलं, झालं आता. मी खाली वाकलो अन् डिझेलचा कॉक बंद केला. नळीत होतं तेवढ्यावर दोन मिनिटं चाललं अन् थांबलं. साहेबानं विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, देखता हूँ साब. मले वाटलं होतं पाच मिनिटं थांबू, तंवर तो मचवा दूर जाईल नाहीतर दुसरी बोट येईल."

पण साहेब थांबले नाहीत. मागे बांधलेली छोटी होडी त्यांनी सोडली, बलबीरला घेतलं आणि दोघं वल्ही मारत निघाले. आबाजी बोटीवर एकटे राहिले. वीस मिनिटांत होडी मचव्याला लागली. काही उडालं नाही. साहेब मचव्यावर चढले आणि दोन्ही हात हलवू लागले: बोट आणा, बोट आणा.

"मी कॉक उघडला. हँडल मारलं. सुरूच होईना. नळीत हवा भरली होती. तुले माहीत आहे."

मला माहीत होतं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ती स्क्रू ढिले करून काढावी लागते. तोवर इंजिन कितीही फिरवा, पेटत नाही.

"पुरा तास गेला. वीस मिनिटं त्यायची होडी जायले लागली, अन् त्याच्यावर चाळीस हवा काढता काढता. मग मी बोट घेऊन गेलो. एकट्यानं पयल्यांदा चालवली. चार मानसं होती, चार दिवसांची भरकटलेली, दोन दिवसांची बिनपान्याची. मचवा चालवनारा तांडेल होता, चाळिशीचा असंल. त्याले आमच्या बोटीवर घेतलं, मांगच्या फळ्यायवर निजवलं. जेटी दिसून राहिली होती, तवा गेला. साहेब म्हणाले, थोडा पहले आते तो बच जाता."

"साहेबांनी विचारलं नाही, इंजिनला काय झालं होतं?"

"विचारलं. मी म्हटलं, साब, पाइप में हवा आ गई थी." त्यांनी आता चहा उचलला. "खोटं नव्हतं ना ते. म्हणून पचलं."

मी चहाचे पैसे दिले. आम्ही घरी आलो. आजीनं, पार्वतीबाईनं, वाढलं आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोडाऊनमध्ये मी एक गोष्ट केली. मला ती करायला नको होती असं आज वाटतं, पण इंजिनाबद्दल शंका आली की बघून खात्री करायची, ही माझी सवय आहे. मी इंजिन चालू केलं आणि कॉक बंद केला. एक मिनिट पन्नास सेकंदांनी ते थांबलं. मग कॉक उघडला, हँडल मारलं, पेटलं नाही. मोबाइलवर वेळ लावली आणि हवा काढायला घेतली. एक स्क्रू फिल्टरवर, एक पंपावर, दोन नळ्यांची तोंडं. इंजिन परत चालू झालं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

आबाजी शिडीच्या खाली स्टुलावर बसून सगळं बघत होते.

"किती लागले?"

"अकरा."

"मले हे इंजिन तुह्यापेक्षा जास्त माहीत होतं," ते म्हणाले. इंजिन अजून चालू होतं, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "बंद कर ते."

मी बंद केलं.

"साहेब हात हलवून राहिले होते, तवा मी कॉक उघडला नाही. मले वाटलं, ते वर चढले, आता उडंल. मी खाली इंजिनापाशी तोंड झाकून पडून राह्यलो. किती वेळ, मले नाही मालूम. पंचवीस मिनिटं असंल, अर्धा तास असंल. मंग बलबीरच्या शिव्या ऐकू आल्या, पान्यावरून आवाज दूर जाते ना. तवा उठलो अन् हवा काढली."

काल सांगितलं त्यात हे नव्हतं. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाही इतकी वर्षं चाळीस मिनिटं हवा काढल्याचंच सांगितलं असावं.

"तेवीस वर्षांचे होते तुम्ही," मी म्हटलं.

"बलबीर बावीसचा होता."

मी पाने पुसून पेटीत ठेवले.

बुधवारी गार्गी आली तेव्हा आबाजींनी तिला तिथेच, बोटीला टेकून, सगळं सांगितलं. मला सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत. ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "काका, तुम्हाला नको असेल तर ते वाक्यच काढून टाकते. कोणाला काही कळायची गरज नाही. इतक्या वर्षांनी कशाला स्वतःला त्रास करून घेता?"

"वाक्य काढाच. पन त्या मानसाचं नाव टाका."

"काय नाव होतं?"

आबाजींना माहीत नव्हतं. जेटीवर स्ट्रेचर आलं, माणसाला नेलं आणि त्यांची बोट पुन्हा गस्तीवर गेली. बाकीच्या तिघांच्या तोंडून रेवदंडा हा शब्द ऐकल्याचं तेवढं आठवत होतं. लढाई संपली, जानेवारीत ते नागपूरला परत आले आणि परत कधी समुद्र पाहिला नाही. माझे बाबा एकदा आम्हाला सगळ्यांना गणपतीपुळ्याला नेत होते, तेव्हा आबाजी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिले होते.

नाव शोधायचं काम मी घेतलं. रेवदंड्याच्या आसपासच्या मच्छीमार सोसायट्यांचे नंबर इंटरनेटवर मिळाले. पहिल्या दोन ठिकाणी कोणाला काही माहीत नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या माणसानं माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. "हिराजी तांडेल. आमच्या आळीतले. त्यांचा मुलगा मोरेश्वर आहे, नंबर लिहून घ्या."

तो नंबर दोन दिवस माझ्या खिशात होता. मी आबाजींना म्हटलं, मी बोलते, नाव आणि वय विचारून घेते, पुढचं सांगायची गरज नाही. ते म्हणाले, "मीच बोलीन. तू लावून दे."

शनिवारी दुपारी घरीच फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. आजी आत भाजी निवडत होती. आबाजींनी आपलं नाव सांगितलं, बोटीचा नंबर सांगितला, फलकावर नाव टाकायचंय म्हणाले, आणि थांबले.

पलीकडून आवाज आला, "माझा बापूस तुमच्या बोटीवर गेला काय?"

"हो."

"मी अकरा वर्षांचा होतो. नौदलाच्या माणसांनी आणून दिला त्याला. आई नेहमी म्हणायची, कोणी तरी होतं जवळ, बरं झालं." मग त्यानं विचारलं, "पाणी पाजलं होतं काय त्याला?"

"म्या पाजलं. डब्याच्या झाकनानं. दोनदा प्याले. तिसऱ्यांदा नाही घेतलं."

"काय बोलला काय?"

"बोलले, पन मले समजलं नाही. मी इकडचा आहे. तुमची बोली मले समजत नव्हती."

मला वाटलं, आता आबाजी राम राम म्हणतील आणि फोन ठेवतील. पण त्यांनी सांगितलं. कॉक बंद केल्याचं, पडून राहिल्याचं, तासाचं. मध्ये एक वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. त्यांनी खाकरून पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य सांगितलं, म्हणजे समोरच्याला नीट ऐकू यावं.

मोरेश्वरच्या मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. मग तो म्हणाला, "नाव हिराजी लिहा. हिराजी लखमा. वय एक्केचाळीस." आणि फोन बंद झाला.

आजी दारात उभी होती, हातात मेथीची जुडी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पन्नास वर्षं झाली लग्नाले," ती आबाजींना म्हणाली. "हे नातीले सांगता, त्या बक्षीच्या पोरीले सांगता, फोनवर अनोळखी मानसाले सांगता. मले काहून नाही सांगितलं?"

आबाजी खाली बघत होते. "तू काय म्हनशीन, असं वाटे."

"काय म्हनलं असतं? भेकड म्हनलं असतं? म्हनलं असतं. मंग भाकरी वाढली असती." ती आत गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मला त्याचं वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं नाही वाटलं.

फलकावरून ते वाक्य गेलं. त्या जागी गार्गीनं लिहिलं: 'दि. १० डिसेंबर १९७१ रोजी या बोटीने भरकटलेल्या मचव्यावरील तिघांना किनाऱ्यावर आणले. तांडेल हिराजी लखमा (वय ४१) यांचा बोटीवर मृत्यू झाला.' आबाजींना त्यात उशिराचं आणि कॉकचंही हवं होतं. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये त्यावर चर्चा झाली आणि बाकीच्यांनी नको म्हटलं. सार्वजनिक बागेत लहान मुलं येतात, असं एकानं कारण दिलं. गार्गीनं हे आबाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग मीच बोलीन त्या दिवशी."

चार डिसेंबरला बागेत दोनशेएक लोक होते. शाळेची मुलं, दोन नगरसेवक, पांढऱ्या टोप्या घातलेले काही निवृत्त नौसैनिक. बोट सिमेंटच्या चौथऱ्यावर, नव्यानं रंगवलेली. अर्धी पांढरी, अर्धी करडी, ही गार्गीची कल्पना. मी हँडल मारलं, दुसऱ्याच फेरीत इंजिन पेटलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटं चालवून बंद केलं. मग आबाजींना माइक दिला.

ते नीट बोलले. भ्यायलो, कॉक बंद केला, उशीर झाला, माणूस गेला. चार वाक्यं होती. पण माइक कुरकुरत होता आणि मागे मुलांचा गलका चालू होता. अर्ध्या लोकांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका नगरसेवकानं आबाजींच्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटो काढला. पुढच्या रांगेतल्या निवृत्त नौसैनिकांपैकी एकजण मात्र टाळ्या न वाजवता आबाजींकडे बघत होता. कार्यक्रम झाल्यावर तो त्यांच्याजवळ आला, हातात हात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि गेला.

आबाजींनी शाल घरी येऊन आजीकडे दिली. आजीनं ती शेजारच्या सिंधूताईला देऊन टाकली.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोरेश्वरचा फोन आला. तो आणि त्याची बायको नागपूरला येणार होते. गाडीचं नाव सांगितलं, डबा सांगितला. काय काम आहे ते सांगितलं नाही. आबाजी स्टेशनवर स्वतः आले. मोरेश्वर ठेंगणा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर माकडटोपी. आमची थंडी त्याला सोसत नव्हती. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. सामान घरी टाकण्याआधी बोट बघायची, असं तो म्हणाला.

सकाळची वेळ होती, बाग रिकामी होती. मी माळ्याकडून शिडी मागून आणली. मोरेश्वर फलकासमोर उभा राहिला, बापाचं नाव वाचलं, बायकोला वाचून दाखवलं. मग वर चढला. त्याच्या पाठोपाठ आबाजी.

"कुठं?" त्यानं विचारलं.

आबाजींनी मागच्या फळ्या दाखवल्या.

"डोकं कुठल्या बाजूला?"

"ह्या. उशाले माहा शर्ट होता."

मोरेश्वर तिथे मांडी घालून बसला. तळहात फळीवर ठेवला. खूप वेळ. खाली त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. मग तो म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलोय. फोन ठेवला त्या दिवसापासून. आई आता नाही, ती असती तर तिला हे सांगितलं नसतं. माफ केलं, असं बोलायला मी आलेलो नाही."

"नका बोलू," आबाजी म्हणाले.

"जागा बघायची होती. आणि तुम्ही नसतं सांगितलं, तर मला कोणी सांगितलं असतं? हे पण खरं आहे." त्यानं डोळे पुसले. "सोळाव्या वर्षापासून मी मचवा चालवला. दोनदा मला पण असं वाटलंय, परत फिरावं. एकदा फिरलो पण."

एवढं बोलून तो उठला आणि इंजिनाच्या झाकणाकडे गेला. "हेच काय ते? चालतं?"

मी ड्रममध्ये पाणी भरलं आणि हँडल मारलं. इंजिन पेटलं. मोरेश्वर डोकं एका बाजूला करून ऐकत राहिला.

"एक सिलिंडर मागे पडतोय," तो म्हणाला.

"दुसऱ्याचा नोझल," आबाजी म्हणाले. "इथं भेटत नाही."

"आमच्याकडे ससून डॉकला एकाकडे जुने पडलेले असतात. माप काय?"

आबाजींनी माप सांगितलं. त्यानं मोबाइल माझ्याकडे दिला आणि लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. मग आम्ही सगळे घरी आलो. आजीनं ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मोरेश्वरच्या बायकोनं पिशवीतून सुका जवळा काढला, आणि तो नीट भाजायचा कसा हे आजीला दाखवायला ती स्वयंपाकघरात गेली. दोन्ही पुरुष पुढच्या खोलीत बसले होते. जेवण झाल्यावर मोरेश्वरला झोप आली. आबाजींनी त्याला आपल्या खाटेवर निजायला सांगितलं आणि स्वतः बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले.